बेचाळिसावी मागणी

माझ्या देल्फिनोकाकानं वयाची बासष्ट वर्षं कशालाही चांगलं म्हटलं नव्हतं. कुणाकडे बाळ जन्मलं की तो झोळीत वाकून बघायचा आणि म्हणायचा, "नाक आहे की बटाटा?" बाळाची आई हसायची आणि त्याला मक्याची गरम पेज द्यायची. कणसं टपोरी भरली तर म्हणायचा, यंदा उंदरांची चैन आहे. त्याच्या हातच्या खोगिरासाठी माणसं दोन दोन दिवस वाट तुडवून यायची. ते गिऱ्हाइकाच्या हातात ठेवताना तो म्हणायचा, "न्या, तुमच्या खेचराचं नशीब फुटकं."

तो एकटाच असा होता असं नाही. ला सेइबा ह्या आमच्या गावात आम्ही सगळेच असे. माझ्याआधीची दोन भावंडं जगली नव्हती. मी जगलो, आणि आईनं मला जन्मभर 'आळशा' अशीच हाक मारली. शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी हेलादिओ म्हणून पुकारलं तेव्हा हा कोण म्हणून मी शेजारच्याकडे बघितलं होतं. पण नावं ठेवण्यात काकाचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्याकडे ती विद्या होती, कारण तो गावाचा मागणी घालणारा होता.

आमच्याकडे लग्नाची मागणी मुलाच्या घरच्यांनी स्वतः घालायची नसते. घरचा माणूस बोलायला लागला की भांडतो, नाहीतर रडतो. म्हणून त्यासाठी बोलणारा माणूस असतो. तो टोपी हातात घेऊन मुलीच्या दारात उभा राहतो, मागे मुलाकडची माणसं लाकडाच्या मोळ्या घेऊन थांबतात, आणि तो सुरू करतो: आम्ही पोरकी माणसं, आमचं घर गळकं, आमचा मुलगा झोपाळू, आमच्याकडे कुत्रं टिकत नाही. मग मुलीकडचा बोलणारा म्हणतो, अहो, आमची मुलगी त्याहून वाईट, भाकऱ्या जाड थापते, सूत तोडते, उलट बोलते. असं दोन दोन तास आपापलं घर खाली खाली नेत राहायचं. दोन्ही बाजू तळाला टेकल्या, कुणीच कुणाहून वरचढ उरलं नाही, की मुलीची आई मोळी उचलून आत नेते. मोळी चुलीशी गेली की लग्न ठरलं. काकानं अशा एकेचाळीस मोळ्या चुलीशी पोचवल्या होत्या आणि एकही परत आली नव्हती. कुणी तसं बोलून दाखवलं तर म्हणायचा, "मुलींच्या बापांना झोप आली असेल." पण आकडा त्याला पाठ होता.

बेचाळिसावी मागणी माझी होती.

मी रविवारच्या बाजाराला आंबाडीची लाल बोंडं विकायला जायचो. तिथं ओदिलिया विणलेले झगे घेऊन बसायची. ती नदीपलीकडच्या कारीसालची, आमुस्गो लोकांतली. माझी मिश्तेक भाषा तिला कळायची नाही, तिची आमुस्गो मला कळायची नाही. आम्ही बोलायचो ते स्पॅनिशमधून, आणि त्या भाषेत दोघंही कच्चे. त्याचा फायदाच झाला. ज्याच्याजवळ शब्द थोडे असतात त्याला थापा मारायला जमत नाही. तीन वर्षं असं चाललं. चौथ्या वर्षी ती म्हणाली, आता माणसं पाठव, नाहीतर मी बसायची जागा बदलते.

मी काकाला सांगितलं. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते. काका घरचा, म्हणजे रीतीनं त्यानं बोलायचं नव्हतं, पण त्याच्या तोडीचा दुसरा बोलणारा गावात नव्हता. नदीपलीकडे आमच्या गावानं आजवर मागणी घातली नव्हती. काकानं थोडा विचार केला.

"माणसंच आहेत ना? चूल आहे ना त्यांच्याकडे? मग झालं तर."

जूनच्या सुरुवातीला आम्ही गेलो. काका, आई, माझे दोन चुलतभाऊ, मी आणि चार मोळ्या. दुभाषा म्हणून कारीसालचाच एक मीठवाला घेतला, त्याला दोन्ही भाषा येत होत्या. त्याचा दोष एकच, तो प्रामाणिक होता. ऐकलेलं जसंच्या तसं पलीकडे पोचवायचा, तिखट नाही की मीठ नाही.

ओदिलियाचा बाप सेफेरिनो, भावांना शेजारी बसवून, ओसरीवर वाट बघत होता. काका त्या दिवशी रंगात होता. परक्या गावात आपली विद्या दाखवायची म्हणून त्यानं काही राखून ठेवलं नाही. मुलगा उन्हं डोक्यावर आल्याशिवाय उठत नाही म्हणाला. त्याच्या हाताला मका उगवत नाही म्हणाला. आईची जीभ कोयत्यासारखी आहे, घराला तीन भिंती आहेत आणि चौथी पडायच्या बेतात आहे, अशा घरात तुमच्या लेकीला पाठवायला तुमचं काळीज दगडाचं लागेल, असंही म्हणाला. मागे आई मान हलवून साथ देत होती. इतकं सुरेख मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

मीठवाला एकेक वाक्य पलीकडे टाकत होता आणि सेफेरिनोचे डोळे मोठे होत होते. मधे एकदा त्यानं मीठवाल्याला थांबवून काहीतरी पुन्हा विचारून घेतलं. मीठवाल्यानं मान डोलावली, हो, असंच म्हणतायत. काका बोलून थांबला आणि उत्तराची वाट बघू लागला. आता मुलीचे दोष यायला हवे होते.

त्याऐवजी सेफेरिनो म्हणाला की आपली मुलगी आसपासच्या तीन गावांत सगळ्यात बारीक विणते, तिच्या हाताला चव आहे, आणि तिच्यासारखी समजूतदार पोर आपल्या सात पिढ्यांत झाली नाही. मग तो ओसरीवरून उतरला, मोळ्यांपाशी आला, आणि एकेक मोळी स्वतःच्या हातानं उचलून आमच्या पाठीवर ठेवायला लागला.

"तुम्ही खरं बोलणारी माणसं आहात, म्हणून मी रागावत नाही," तो म्हणाला आणि मीठवाल्यानं ते तसंच सांगितलं. "पण मुलगी देणार नाही."

आम्ही परत निघालो. नदीपाशी आल्यावर आई म्हणाली, बघितलंत, तोंडावर स्वतःच्या मुलीची स्तुती केली त्यानं. आमच्यात त्याचा अर्थ एकच होतो, की तुमची लायकी नाही. काकानं आपली मोळी नदीत सोडून दिली आणि वाहत गेली तरी बघत उभा राहिला.

पुढच्या रविवारी ओदिलिया मला बघून उठूनच उभी राहिली. तिच्या पहिल्या वाक्यातच सगळा उलगडा झाला.

"तू खरंच उन्हं डोक्यावर येईपर्यंत झोपतोस?"

त्यांच्याकडे मागणी घालायला बाई येते, आणि ती मुलाची स्तुती करते. साधी नाही, तासभर. तो कसा राबतो, किती ओझं उचलतो, आईशी कसा वागतो. मुलीकडची माणसं गप्प ऐकतात आणि एकेक गुण बोटांवर मोजतात. जो बोलणारा स्वतःच्याच मुलाला आळशी म्हणतो तो मुलीकडच्यांना सावध करायला आलेला असतो, दुसरं काय? सेफेरिनोनं गावभर सांगितलं होतं, पलीकडची माणसं बिचारी भली, पोरीला वाचवून गेली. ओदिलियाला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. गावातल्या दुकानदाराच्या मुलासाठी विचारणा आली होती. बापानं त्यांना शब्द दिला होता की मृतांच्या दिवसांनंतर, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, उत्तर देतो. तेवढाच काळ आमच्या हातात होता.

मी हे सगळं काकाला सांगितलं. त्यानं सुई खोगिरात खुपसून ठेवली.

"म्हणजे मी दारात उभं राहून घरच्या पोराची स्तुती करायची? त्यापेक्षा बाजारात नागवा नाचतो."

तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. गावात कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण चार मोळ्या घेऊन गेलेली माणसं तीन घेऊन परत येताना सगळ्यांनी बघितली होती. एकेचाळीस लोकांची जमवली आणि घरचंच मोडलं, असं विहिरीवर बोललं जायचं. त्याच्या कानावर ते जात होतं.

त्याला हलवलं ते शाळेतल्या इमेल्दाबाईंनी, आणि तेही नकळत. पोरांचा फुटका कातडी चेंडू शिवायला काका शाळेत गेला होता. बाईंनी त्या दिवशी फळ्यावर भाषांचं झाड काढलं होतं. बाई स्वतः सापोतेक, लांबच्या. खाली एक खोड आणि त्याला फांद्या. एका फांदीवर सापोतेक आणि चातिनो, सख्ख्या बहिणी. एकीवर मासातेक आणि तिच्या शेजारणी. चिनांतेकची फांदी वेगळी, डोंगरातल्या त्लापानेकांची वेगळी, आणि लांब उत्तरेला गेलेली ओतोमी आणि मासावांची. एका फांदीवर आमची मिश्तेक, त्रिके आणि कुइकातेक. आणि त्या फांदीला अगदी लागून, तिथंच फुटलेली आमुस्गो.

बाई पोरांना सांगत होत्या की शिकलेले लोक ह्या सगळ्या कुळाला ओतोमांगे म्हणतात, आणि काही हजार वर्षांपूर्वी ही सगळी एकच बोली होती. काका दोरा ओढता ओढता थांबला. नाव काही बरं नाही, असं त्यानं आधी सवयीनं सांगून टाकलं. मग विचारलं की कारीसालची माणसं ह्या झाडावर आहेत का. बाईंनी खडूनं दाखवलं. त्यांनी दोन्ही भाषांत पाचापर्यंत आकडे म्हणून दाखवले. पहिले काही जुळेनात, पण पाच ऐकल्यावर काकानं मान वर केली. आमचाच पाच, जरासा नाकात बोललेला.

संध्याकाळी तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. चांगलाच भडकला होता.

"परक्यानं मोळी परत केली तर मी समजू शकतो. पण हे आपले भाऊबंद निघाले. भाऊबंदानं मोळी परत करायची म्हणजे काय? गुरुवारी मला पलीकडे घेऊन चल."

कारीसालमध्ये मागणी घालणारी बाई होती आपोलोनिया. सत्तरी ओलांडलेली, एका डोळ्यानं कमी दिसायचं, दिवसभर नदीकाठच्या खोपटासमोर बसून चातीवर तपकिरी कापूस कातायची. मीठवाल्याच्या मदतीनं काकानं तिला विचारलं, तुमची रीत मला शिकव. ती म्हणाली, दुकानदाराच्या मुलासाठी मीच बोलणार आहे, हे तुला माहीत आहे ना? काकाला माहीत नव्हतं. तो जायला उठला. तर म्हातारी म्हणाली, "बस रे बाबा. शेजारी मीठ मागायला आला तर आधी मीठ द्यावं. भांडण काय, नंतरही करता येतं."

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही जायचो. पावसाळ्यात नदी कमरेच्या वर होती आणि काकाच्या गुडघ्यांत वात होता, त्यामुळे मी त्याला पाठीवर घ्यायचो. वर बसून तो सूचना द्यायचा. डावीकडे चल, गाढवा, दगड दिसत नाही का तुला. पलीकडे गेल्यावर तो आपोलोनियासमोर बसायचा, आणि मला ऐकण्याशिवाय दुसरं काम नसल्यामुळे मीही शिकत गेलो. आमुस्गोत सूर वर गेला की एक गोष्ट होते आणि खाली आला की भलतीच. हे आमच्याकडेही तसंच आहे, पण त्यांचे सूर त्यांचे. गावची पोरं कुंपणाला लटकून काकाच्या बोलण्यावर खिदळायची. ज्याच्या दोन तासांच्या बोलण्यावर आमच्या गावात माणसं श्वास रोखून बसायची, तो बासष्टाव्या वर्षी 'मला पाणी दे' म्हणताना घामाघूम व्हायचा. मला त्याची दया यायची. त्याला ती आलेली आवडली नसती.

पण भाषा त्यातल्या त्यात सोपी निघाली. अवघड होती ती स्तुती.

आपोलोनियानं सुरुवात आंब्यापासून केली. आंबा हातात दिला आणि विचारलं, कसा आहे? काका चाखून म्हणाला, खाववतो. गोड आहे म्हण, ती म्हणाली. काका म्हणाला, आंबट नाही. ती म्हणाली, गोड. त्यानं इकडं तिकडं बघितलं, कुणी आमच्या गावचं नाही अशी खात्री करून घेतली, आणि पुटपुटला, गोड. पुढच्या गुरुवारी कोंबडा. त्यानंतर शेजारणीनं कमरेच्या मागावर विणलेलं कापड. सप्टेंबर उजाडेपर्यंत तो फळं, कोंबडे, कापडं यांच्याबद्दल एखाददुसरं बरं वाक्य बोलायला लागला होता. जिवंत माणसापाशी आला की मात्र त्याची वाचा बसायची.

एका गुरुवारी म्हातारीनं चाती खाली ठेवली आणि विचारलं, "तुझी बायको होती ना? कशी होती?"

बासिलियाकाकू जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. काकानं तोंडातल्या तोंडात, सवयीनं, म्हटलं, "चालून जायचं."

आपोलोनिया म्हणाली, "अरे, मेलेल्या बाईला आता कसली दृष्ट लागणार आहे?"

त्या दिवशी परतताना तो पाठीवर होता आणि नदी ओलांडून होईपर्यंत त्यानं एकही सूचना दिली नाही. मी एका दगडावरून घसरलोसुद्धा, तरी गप्प. घराशी आल्यावर म्हणाला, "तुझी काकू ती वांग्यांसारखी दिसणारी रानफळं शिजवायची ना, तसं कुणाला जमत नव्हतं. मी दर वेळी म्हणायचो, मीठ कमी आहे." एवढं बोलून तो आत गेला.

मृतांच्या दिवशी सगळं गाव दफनभूमीत होतं. कबरींवर झेंडूच्या पाकळ्या, मेणबत्त्या, मक्याच्या पानात उकडलेले तामाल, ज्याला जे आवडायचं ते. मी वडिलांच्या कबरीपाशी होतो. दोन कबरी सोडून काका बासिलियाकाकूपाशी बसला होता आणि भरभर काहीतरी बोलत होता. आसपासच्या बायकांना वाटलं प्रार्थना म्हणतोय. मला ऐकू येत होतं आणि कळतही होतं. तो आमुस्गोत बोलत होता. तुझे हात चांगले होते. तुझा आवाज चांगला होता. तू घरात असताना मी लवकर परतायचो. त्याच्या गावात ते समजणारा माझ्याशिवाय कुणी नव्हता, म्हणून त्याला ते बोलता आलं. मी पाठ वळवून मेणबत्त्या सरळ करत राहिलो, आणि मला खूप रडू आलं हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा कारीसालला गेलो. मीठवाल्याला घेतलं नाही. आपोलोनिया दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडून येणार होती, हे तिनंच सांगितलं होतं. दुपार कलती झाली होती, सेफेरिनो शेतावरून येऊन हातपाय धूत होता. आम्हाला आणि मोळ्यांना बघून त्याच्या कपाळावर आठी पडली, पण दारात आलेल्याला त्यांच्यातही हाकलत नाहीत. भाऊ येऊन बसले. ओदिलिया आत मागावर होती आणि मागाचा आवाज थांबला होता.

काकानं टोपी काढली. आमुस्गोत सुरुवात केली तशी सेफेरिनोचे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले.

"मी पलीकडचा म्हातारा. तुमच्या भाषेत मी चार महिन्यांचं बाळ आहे, घसरलो तर हसा. तुम्ही म्हणाल ही परकी माणसं. शाळेतल्या बाई म्हणतात, आपल्या म्हाताऱ्यांची चूल एकच होती. आम्ही लाकडं आणायला म्हणून बाहेर पडलो आणि परतायला जरा उशीर झाला. ही घ्या लाकडं."

एक भाऊ हसला. सेफेरिनो हसला नाही. काकानं खाली बघितलं, टोपी या हातातून त्या हातात घेतली. मला माहीत होतं आता काय यायचं होतं, आणि मला माहीत होतं की ते त्याला जमणार नाही.

"ह्या मुलानं मला पंधरा गुरुवार पाठीवर घेऊन नदी पार केली," तो म्हणाला. "मी जड आहे आणि वर बसून शिव्या देतो. त्यानं मला एकदाही पाण्यात टाकलं नाही. भाकरी करपली तर करपलेली तो स्वतः खातो, मी बघितलंय. त्याची बोंडांची मापं भरून असतात. त्याची आई त्याला कुठल्याही नावानं हाक मारते, तो ओ देतो. त्याचा बाप, माझा भाऊ, लवकर गेला. असता तर मी त्याला म्हटलं असतं, तुझा मुलगा चांगला निघाला. हा चांगला मुलगा आहे. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. त्यालाही नाही."

मी बावीस वर्षांचा होतो, आणि मला कुणी चांगलं म्हणताना मी पहिल्यांदा ऐकत होतो. कान गरम झाले. पाठीवरची मोळी एकदम हलकी झाली की जड झाली ते कळेना. आईला त्यातला एक शब्दही कळत नव्हता, ती माझ्या तोंडाकडे बघून घाबरली, तिला वाटलं पुन्हा नकार आला.

सेफेरिनोनं बोटांवर काही मोजलं नव्हतं. त्यानं विचारलं, "मग मागच्या वेळी म्हणालात ते काय होतं? झोपाळू, हाताला मका उगवत नाही?"

"तेही थोडं खरं असेल," काका म्हणाला. "पण ते तुमच्यासाठी नव्हतं. ह्याच्या आधीची दोन गेली. दोघंही गोंडस होती, सगळे तसं म्हणायचे. हा आला तेव्हा त्याच्या आईनं ठरवलं, ह्याला कुणी चांगलं म्हणायचं नाही. मरण दारावरून जाताना ऐकत असतं. त्याला वाटावं, ह्या घरात उचलून नेण्यासारखं काही नाही. आम्ही ज्याला जपतो त्याला नावं ठेवतो. तेवढीच आमची भाषा."

अंगणात कोंबडी फिरत होती. सेफेरिनोनं ओसरीच्या खांबाला हात लावला आणि आत बघितलं, जिथं मागाचा आवाज थांबलेला होता. मग तो आमच्याकडे वळला. बोलायला त्याला इतकं जड गेलं की त्याच्या मानेची शीर दिसायला लागली.

"आमची मुलगी," तो म्हणाला आणि थांबला. "आमची मुलगी भाकऱ्या जाड थापते."

काका एकेचाळीस मागण्यांचा माणूस होता. लगेच म्हणाला, आमच्याकडे सगळ्यांचे दात मजबूत आहेत, त्याशिवाय दुसरं काही मजबूत नाही.

"सूत तोडते," सेफेरिनो म्हणाला. आता त्याला जमायला लागलं होतं. "उलट बोलते."

आतून ओदिलियाचं हसू ऐकू आलं. तिच्या आईनं, कुणी काही सांगायची वाट न बघता, बाहेर येऊन पहिली मोळी उचलली आणि चुलीकडे नेली.

दुसऱ्या दिवशी आपोलोनिया दुकानदाराकडून ठरल्याप्रमाणे आली, तासभर बोलली, आणि नकार घेऊन गेली. जाताना ओदिलियाला म्हणाली म्हणे, मीठ जास्तच दिलं गेलं माझ्याकडून. लग्नात ती आली आणि काकाच्या शेजारी बसून दोन वेळा जेवली.

मागणी घातली त्या संध्याकाळी परतताना मात्र काकानं मला नदीत उतरण्याआधीच थांबवलं. खिशातून अंडं काढून माझ्या डोक्यावरून, खांद्यांवरून सात वेळा फिरवलं आणि पाण्यात फेकून दिलं. एवढी स्तुती झाल्यावर दृष्ट काढणं भागच होतं. सकाळीच तो अंडं खिशात घालून निघाला होता, म्हणजे बोलायचं त्यानं आधीच ठरवलं होतं. फार विश्वास ठेवू नकोस त्या बोलण्यावर, असं म्हणाला आणि पाठीवर चढला.

ह्याला आता चौदा वर्षं झाली. आमच्या घरात तीन पोरं आहेत. माझ्या आईशी मिश्तेक बोलतात, ओदिलियाशी आमुस्गो, आणि आपसात भांडताना दोन्ही, जी लवकर लागेल ती. आजी नावं ठेवते, पलीकडचे आजोबा कौतुक करतात, आणि पोरं दोघांकडूनही मागून घेतात. नदीवर आता पूल आहे. त्यानंतर अलीकडून पलीकडे नऊ मागण्या गेल्या. पहिल्या पाच काकानं घातल्या, पुढच्या मी. मी त्याच्याइतका चांगला नाही, हे तो सगळ्यांना सांगतो.

गेल्या हिवाळ्यापासून तो अंथरुणाला आहे. परवा मी त्याला पेज भरवत होतो. त्यानं विचारलं, कसा दिसतोय मी? आमच्या रीतीनं मी म्हणायला हवं होतं, पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या माकडासारखा. ते ऐकायला तो थांबला होता. मी वाटी खाली ठेवली आणि आमुस्गोत म्हणालो, तुम्ही चांगला माणूस आहात, काका. तुम्ही नसता तर माझी चूल पेटली नसती.

तो भिंतीकडे वळला. "मेल्या, दृष्ट लावशील," असं मिश्तेकमध्ये म्हणाला. त्याचे कान अजून शाबूत आहेत, तीन घरं पलीकडचं कुजबुजणं त्याला ऐकू येतं. पण थोड्या वेळानं त्यानं माझ्याकडे न वळताच विचारलं.

"नीट ऐकू आलं नाही. पुन्हा म्हण."